तळ्याकाठचे ओंडक्यांचे घर आणि त्याचा फोटो

आमच्या रात्रीच्या वर्गात एके दिवशी आम्ही भिंतीवर एक मोठा फोटो लावला. फोटोत एक लहानसे घर होते. त्याच्या भिंती विटांच्या नव्हत्या, मातीच्याही नव्हत्या. तासून चौकोनी केलेले लाकडाचे ओंडके एकावर एक आडवे रचले होते. दोन ओंडक्यांच्या मधल्या फटी लिंपलेल्या होत्या. त्यामुळे भिंतीवर एक काळा पट्टा, एक पांढरा पट्टा, असे दिसत होते. वर उतरते छप्पर, भोवती झाडे आणि जवळच शांत तळे.

आम्ही विचारले, "हे काय असेल?"

कोणी म्हणाले, "वनखात्याची चौकी." कोणी म्हणाले, "वखार असेल लाकडाची." एक आजी म्हणाल्या, "देऊळच असणार. एवढी शांत जागा माणूस देवासाठीच निवडतो."

आजी बरोबर होत्या. ते ख्रिस्ती लोकांचे लहान प्रार्थनाघर आहे. अशा प्रार्थनाघराला चॅपेल म्हणतात. ते अमेरिकेत, इंडियाना राज्यात, साउथ बेंड गावाजवळ आहे. शिकागो हे मोठे शहर तेथून सुमारे ९० मैलांवर, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरवर. तेथे नोटर डेम नावाचे एक मोठे विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या आवारात दोन तळी आहेत. एकाचे नाव सेंट मेरी, दुसऱ्याचे सेंट जोसेफ. सेंट मेरी तळ्याच्या काठी हे प्रार्थनाघर उभे आहे.

लोक तेथे येतात, फोटो काढतात आणि घरी नेऊन दाखवतात. असा फोटो चांगला कसा काढावा, हे आपण आधी पाहू. मग त्या फोटोने आमची कशी फजिती केली, तेही सांगू.

असा फोटो कसा काढतात

पहिली गोष्ट, जागेवर पोचल्याबरोबर कॅमेरा डोळ्याला लावू नये. मोबाइलही खिशातच राहू द्यावा. आधी घराभोवती एक फेरी मारावी. ऊन कोठून येते, सावली कोठे पडते, घराची कोणती बाजू बोलकी आहे, हे पाहावे. बैल विकत घेताना आपण त्याच्याभोवती फिरतो, दात पाहतो, चाल पाहतो. तसेच हे.

दुसरी गोष्ट उजेडाची. फोटो म्हणजे उजेडाने काढलेले चित्र. उजेड जसा, तसा फोटो. याचा एक प्रयोग घरी करून पाहा. रात्री एक सूप भिंतीला टेकवून ठेवा. बॅटरी अगदी समोरून त्याच्यावर धरा. सूप सपाट दिसेल. आता बॅटरी बाजूला न्या आणि उजेड तिरपा पडू द्या. पाहा, सुपाची एक एक काडी उठून दिसू लागते! प्रत्येक काडीची बारीक सावली पडते, म्हणून ती दिसते.

ओंडक्यांच्या भिंतीचेही तसेच आहे. ऊन समोरून पडले तर भिंत सपाट दिसते. ऊन भिंतीला घासून तिरपे गेले, की लाकूड तासताना बसलेले कुऱ्हाडीचे घाव दिसू लागतात. म्हणून जाणकार माणूस सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर फोटो काढतो.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे वर्षातून दोन दिवस असे येतात, की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेथे तसे कधीच होत नाही. ती जागा आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला आहे. जून महिन्यातही भर दुपारी सूर्य थोडा दक्षिणेकडे झुकलेलाच असतो. डिसेंबरात तर तो फारच खाली असतो. जमीन आणि डोक्यावरचे आकाश यांच्यामध्ये ९० अंश धरले, तर तेथे डिसेंबरातली दुपार २५ अंशांवर येते. मुंबईत त्याच दिवशी सूर्य ४७ अंशांवर असतो. म्हणून तेथे हिवाळ्यात दुपारीसुद्धा सावल्या लांब पडतात. मात्र घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही. तिचा फोटो उन्हात हवा असेल, तर उन्हाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी लागते.

तिसरी गोष्ट पाण्याची. तळे शांत असेल तरच पाण्यात प्रतिबिंब पडते. वारा सुटला की पाणी हलते आणि प्रतिबिंब मोडते. पहाटे वारा बहुधा पडलेला असतो, म्हणून ती वेळ चांगली. प्रतिबिंब फोटोत घ्यायचे असेल तर खाली पुरती जागा सोडावी. वरचे झाड पुरे आणि पाण्यातले झाड अर्धे, असे होऊ देऊ नये. पाण्याची कड फोटोत आडवी, सरळ यावी. ती तिरकी आली, तर तळे एका बाजूला सांडते आहे असे वाटते.

चौथी गोष्ट, घर उभे दिसावे. पुष्कळ जण घराच्या अगदी जवळ जातात. मग छप्पर मावत नाही म्हणून कॅमेरा वर कलता करतात. मग काय होते? दोन्ही भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. घर मागे पडते आहे असे दिसते. उपाय सोपा आहे. दहा पावले मागे सरावे आणि कॅमेरा ओळंब्यासारखा सरळ धरावा.

पाचवी गोष्ट बर्फाची. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. सगळीकडे पांढरेच पांढरे झाले, की कॅमेरा फसतो. एवढा उजेड फार झाला असे समजून तो आपणहून उजेड कमी करतो. मग पांढरे बर्फ राखेसारखे मळकट येते. अशा वेळी कॅमेऱ्याला मुद्दाम थोडा जास्त उजेड द्यावा लागतो.

शेवटची गोष्ट शिष्टाचाराची. प्रार्थनाघर ही काही प्रदर्शनाची जागा नव्हे. आत जायचे तर विचारून जावे. प्रार्थना चालू असेल तर दिव्याचा लखलखाट करू नये. आत अंधार असतो. अशा वेळी कॅमेरा तिपाईवर ठेवून सावकाश उजेड घेता येतो. आपल्या देवळात कोणी गाभाऱ्यापुढे आडवा उभा राहून फोटो काढू लागला, तर आपल्याला आवडते का? मग दुसऱ्याच्या देवळातही आपण जपून वागावे.

सुतारदादांचा प्रश्न

हे सगळे वर्गात सांगून झाले. मग आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: "तळ्याकाठचे प्रार्थनाघर. बांधले १८३१ साली." सगळ्यांनी ते पाटीवर, वहीत उतरून घेतले.

वर्गात एक सुतारदादा येतात. वय साठीच्या घरात. अक्षरओळख होऊन त्यांना नुकते कोठे वर्ष झाले आहे. पण लाकूड त्यांना चाळीस वर्षे वाचता येते. ते फोटोजवळ गेले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका, पण एक विचारू का?"

"विचारा ना, दादा."

"हे १८३१ सालचं म्हणता. म्हणजे दोनशे वर्षं होत आली. लाकडाला आग आहे, पाऊस आहे, कीड आहे. आणि असल्या घराचा सगळ्यात खालचा ओंडका आधी कुजतो, कारण ओल त्यालाच लागते. इथं तर खालचा ओंडका वरच्याएवढाच धडधाकट दिसतोय. एक तर याची मोठी दुरुस्ती झाली असंल, नाहीतर घरच मागाहून बांधलं असंल. कुठं लिहून ठेवलंय का?"

आम्ही गप्प झालो. खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर येत नव्हते. फोटोखाली १८३१ हा आकडा आम्ही वाचला होता आणि तो तसाच फळ्यावर लिहिला होता. आम्ही म्हणालो, "दादा, उद्या शोधून सांगतो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या घराची हकीकत वाचून काढली. सुतारदादा बरोबर होते. फोटोतले घर १८३१ सालचे नाही. ते १९०६ साली बांधलेले आहे.

खरी हकीकत

मूळ घराची गोष्ट अशी आहे. त्या मुलखात पोटावाटोमी नावाचे लोक राहत होते. ते तेथले मूळचे रहिवासी. शेती, शिकार, मासेमारी यांवर त्यांचा संसार चाले. त्यांच्या एका नायकाचे नाव लिओपोल्ड पोकेगन. त्यांनी १८३० साली डेट्रॉइट गावी जाऊन, आपल्या लोकांसाठी एक धर्मगुरू पाठवा, अशी विनंती केली. त्याप्रमाणे स्टीफन बेडिन नावाचे धर्मगुरू आले. ते जन्माने फ्रान्सचे. अमेरिकेच्या भूमीवर ज्यांना कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळाली, त्यांत ते पहिले. ते साल १७९३.

बेडिन यांनी तळ्याकाठी जमीन घेतली आणि ओंडक्यांचे घर बांधले. ते घर ४० फूट लांब आणि २४ फूट रुंद होते. खाली धर्मगुरूंनी राहायचे आणि वरच्या मजल्यावर प्रार्थना करायची, अशी व्यवस्था होती.

असे घर बांधायला खिळे फार लागत नाहीत. झाड पाडायचे. रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने ओंडका चारी अंगांनी तासायचा. टोकाला खाच पाडायची. कोपऱ्यावर एका ओंडक्याची खाच दुसऱ्याच्या खाचेत बसवायची. ओंडक्यांच्या वजनानेच सांधा घट्ट बसतो. मग फटींत लाकडाच्या ढलप्या आणि माती भरून वरून लिंपायचे. आपल्याकडच्या सुताराला हे काम पाहताच कळेल.

पुढे ही जमीन तिकडच्या बिशपांकडे गेली. १८४२ च्या नोव्हेंबरात एडवर्ड सोरिन नावाचे तरुण धर्मगुरू तेथे आले. वय २८. शाळा काढावी म्हणून ती जागा त्यांना दिली होती. ते आले तेव्हा सगळीकडे बर्फ पडले होते. तळ्यांवरही बर्फाचा थर. दोन तळी आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. एकच तळे समजून त्यांनी जागेला नाव दिले नोटर डेम दु लाक, म्हणजे 'तळ्याची आमची माता', असे सांगतात. विद्यापीठाचे नाव त्यावरूनच आले. १८४४ साली सरकारी सनद मिळाली.

पाहा बरे! समोर दोन तळी आणि डोळ्याला दिसले एक. त्या दिवशी तेथे कॅमेरा असता, तर त्यानेही एकच पांढरे मैदान टिपले असते. कॅमेरा खोटे बोलत नाही असे लोक म्हणतात. पण जे झाकलेले आहे, ते तो दाखवू शकत नाही. हेही खरे.

मूळ घर १८५६ साली आगीत जळले. पुढे ५० वर्षे तेथे ते नव्हते. मग १९०६ साली, जुन्या घराची आठवण म्हणून, तसेच घर पुन्हा बांधायचे ठरले. पण तोवर कुऱ्हाडीने ओंडके तासणारे कारागीर थोडे उरले होते. विल्यम आर्नेट नावाचा एक कारागीर मिळाला. तो काळ्या वर्णाचा माणूस, केंटकी राज्यातला. पूर्वी तो गुलाम होता. अमेरिकेत १८६५ साली कायद्याने गुलामगिरी बंद झाली. त्याआधी माणसांची खरेदीविक्री होत असे. अशा गुलामीत जन्म काढलेल्या माणसाच्या हातात ही कला टिकून राहिली होती. त्याने रुंद कुऱ्हाड चालवली आणि घर उभे राहिले.

आता फोटोकडे पुन्हा पाहा. तिरप्या उन्हात भिंतीवर ते जे घाव दिसतात, ते १८३१ सालचे नव्हेत. ते विल्यम आर्नेट यांच्या कामाचे. फोटोमागे आपण १८३१ लिहिले, तर एका कारागिराचे काम आपण पुसून टाकले.

हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा सुतारदादा एवढेच म्हणाले, "हात कुणाचा हे लिहिलं पायजे, गुरुजी. आमची नावं कुणी लिहीत नाही."

फोटोत न दिसणारी माणसे

फोटोत आणखीही एक गोष्ट दिसत नाही. ज्यांच्या विनंतीवरून मूळ घर उभे राहिले, ते पोटावाटोमी लोक कोठे गेले?

१८३० साली अमेरिकेच्या सरकारने एक कायदा केला. मूळच्या रहिवाशांनी आपली जमीन सोडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला जावे, असा त्याचा रोख होता. त्यासाठी करारनामे होऊ लागले. कागद इंग्रजीत असे. नायक लोक आपल्या नावापुढे फुलीची खूण करीत. न वाचता केलेली खूण काय करते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आज्याने असाच अंगठा उठवला असेल आणि शेत गेले असेल.

तेथून दक्षिणेला काही मैलांवर मेनोमिनी नावाचे नायक राहत होते. त्यांच्या गावातही ओंडक्यांचे प्रार्थनाघर होते. आपली जमीन विकणाऱ्या करारावर मेनोमिनी यांनी खूण केली नव्हती. ते गाव सोडायला तयार नव्हते. शेवटी १८३८ साली बंदूकधारी शिपायांनी गावाला वेढा घातला. मेनोमिनींना कैद केले. ४ सप्टेंबरला ८५० हून अधिक बायामाणसे, मुले यांना चालवत बाहेर काढले. सुमारे ६६० मैलांची वाट. रणरणते ऊन, धूळ, पाण्याचा तोटा आणि वाटेत तापाची साथ. दोन महिन्यांनी, ४ नोव्हेंबरला, ते कॅन्सस मुलखात पोचले. वाटेत चाळीसहून जास्त जण मेले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. या वाटेला तिकडे मरणवाट म्हणतात.

बेंजामिन पेटिट नावाचे एक तरुण धर्मगुरू या लोकांत राहत होते. ते वाटेत येऊन त्यांना मिळाले आणि शेवटपर्यंत बरोबर गेले. आजाऱ्यांची सेवा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली. स्वतः आजारी पडले. परतताना फेब्रुवारी १८३९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, ते वारले. त्यांची पत्रे राहिली आहेत. त्या वाटेवर काय घडले, हे आज कळते ते अशा कागदांवरूनच. पुढे त्यांचे अवशेष तळ्याकाठी आणले. बेडिन यांचेही आणले. त्या दोघांची विश्रांतीची जागा आता या प्रार्थनाघरातच आहे.

सगळेच पोटावाटोमी मात्र गेले नाहीत. लिओपोल्ड पोकेगन यांनी १८३३ च्या कराराच्या वेळी आपल्या लोकांसाठी तेथेच राहण्याची सवलत मिळवली. त्यांचे वंशज आजही मिशिगन आणि इंडियाना राज्यांत आहेत. १९९४ साली अमेरिकेच्या सरकारने त्यांना पुन्हा स्वतंत्र समाज म्हणून मान्यता दिली.

यातले काय दिसते फोटोत? काहीच नाही. फोटोत ऊन आहे, झाडे आहेत, तळे शांत आहे. चित्र जितके सुंदर, तितके पाहणाऱ्याला वाटते की येथे कधी काही वाईट घडलेच नसेल. यात फोटोचा दोष नाही. त्याने समोरचे दाखवले. मागचे सांगणे हे शब्दांचे काम आहे.

फोटोमागचे शब्द

म्हणून आम्ही फळ्यावरची जुनी ओळ पुसली. वर्गाने मिळून नवी ओळ तयार केली. एकेक जण एकेक शब्द सुचवत गेला. ती अशी झाली:

"सेंट मेरी तळ्याकाठचे प्रार्थनाघर, नोटर डेम, इंडियाना, अमेरिका. मूळ घर पोटावाटोमी लोकांच्या मुलखात १८३१ साली बांधले. १८५६ साली जळले. हे घर १९०६ चे. कारागीर विल्यम आर्नेट."

पाहा, चारपाच लहान वाक्ये. पण फोटो आता मुका राहिला नाही.

फोटोमागे काय लिहावे, याची एक सोपी रीत आहे. पाच गोष्टी लिहाव्या. कोठे काढला. केव्हा काढला. फोटोत कोण किंवा काय आहे. कोणी काढला. आणि फोटोत न दिसणारी पण ठाऊक असायला हवी अशी एक गोष्ट.

एखादी गोष्ट पक्की ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नये. तेवढी जागा मोकळी सोडावी. कोरी जागा पुढे कोणीतरी भरील. चुकीचा आकडा मात्र एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत जातो. आमच्या फळ्यावरून तो वर्गातल्या सगळ्या वह्यांत गेलाच होता की!

लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी आणि हलक्या हाताने लिहावे. पेन दाबून लिहिले, की पुढच्या बाजूला वळ उठतात आणि शाई फुटते. मोबाइलमधल्या फोटोंना पाठ नसते. त्यांच्यासाठी एक वही करावी. मोबाइल हरवतो, बिघडतो. वही घरात राहते.

हे चालले असताना आजी उठल्या. पहिल्या दिवशी ज्यांनी देवळाचे अचूक सांगितले होते, त्याच आजी. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी पदरात गुंडाळून एक जुना फोटो आणला. त्यात सात माणसे होती. आजी बोट ठेवत म्हणाल्या, "हा माझा बाप. ही आई. हा थोरला भाऊ, प्लेगात नाही, तापानं गेला. ही मी. बाकीचे तिघं कोण ते आता मलाच सांगता येतं. माझ्यामागं कुणाला येणार?"

आम्ही म्हणालो, "आजी, नावे सांगा, आम्ही लिहून देतो."

आजींनी मान हलवली. "तुम्ही कशाला? मी शिकते कशासाठी मग?"

त्या फोटो उलटा ठेवून बसल्या. पेन्सिल हातात घट्ट धरलेली. एका नावाला बराच वेळ लागे. एक वेलांटी चुकली, ती त्यांनी खोडली आणि पुन्हा काढली. घंटा झाली तरी कोणी उठले नाही. सुतारदादा कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून शेजारी उभे राहिले. सात नावे झाली. सातव्या नावाखाली आजींनी विचारले, "कोणी लिहिलं, तेही लिहायचं ना?"

"हो, आजी. तेही लिहायचे."

मग त्यांनी स्वतःचे नाव लिहिले.

अभ्यास

१. सूप आणि बॅटरीचा प्रयोग घरी करा. समोरच्या उजेडात आणि तिरप्या उजेडात काय फरक दिसला, तो दोन वाक्यांत लिहा.

२. फोटोतले घर १८३१ सालचे नाही, हे सुतारदादांना कशावरून वाटले?

३. ही साले एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे काय घडले ते लिहा: १८३१, १८३८, १८४२, १८५६, १९०६.

४. मेनोमिनी यांनी करारावर खूण का केली नसेल? वर्गात बोला.

५. आपल्या गावातली एखादी जुनी इमारत, विहीर किंवा पार पाहा. ती कोणी बांधली, पुन्हा दुरुस्त कोणी केली, हे जाणत्या माणसांना विचारा. पक्के कळेल तेवढेच लिहा.

६. घरात एक तरी जुना फोटो असेल. त्याच्या मागे पाच गोष्टी आजच लिहा. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर लिहा.